बेलदरा तलावाचा गेट व इतर मिळकत

लिहून ठेवणार : नेमसिंग धावजी आडे, वय वर्षे चौसष्ट, धंदा पेन्शनर, हल्ली राहणार लोहारा, यवतमाळ; मूळ राहणार जुना बेलदरा तांडा, तालुका केळापूर, जो सध्या पाण्याखाली आहे.

मी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो, त्याचे कारण असे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा फोटो काढला आणि त्यात एका जागेवर बोट ठेवले. मला तिथे काही दिसले नाही, पण मी मान हलवली. तेव्हापासून माझा मुलगा संजय नागपूरहून रोज फोन करतो आणि हळू आवाजात बोलतो. हळू बोलल्याने समोरचा माणूस जास्त जगतो असा दाखला माझ्या पाहण्यात नाही. तरी मागे कोणाची ओढाताण नको म्हणून, बुद्धी जागेवर असताना, राजीखुशीने, कोणी दाब न टाकता आणि चहाखेरीज कशाच्याही अमलाखाली नसताना मी हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षराबद्दल पाटबंधारे खात्यात माझे नाव होते. इतर काही गोष्टींबद्दलही होते, त्या इथे लिहायची गरज नाही.

ॲड. ममता देवतळे यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, खाडाखोड करायची नाही, केलीच तर शेजारी सही करायची. दोन, दोन साक्षीदार हवेत आणि त्यांच्यासमोर सही करायची. तीन, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करायचे नाही, कारण उद्या कोणी कोर्टात उभा राहिला तर नेमके तिथेच बोट ठेवतो. या तिन्ही गोष्टी मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत.

कलम १. घर

लोहारा येथील घर मी नोकरीत असताना बांधले. पुढच्या दोन खोल्या व ओसरी संजयला. मागची मोठी खोली, स्वयंपाकघर आणि बोअर कोणाला द्यायचे ते कलम पाचमध्ये लिहिले आहे. संजयने लगेच पान उलटू नये. त्याला लहानपणापासून गोष्टीचा शेवट आधी विचारायची खोड आहे.

कलम २. बँक

बँकेत जे असेल ते धाकटी बहीण जया हिला. किती आहे ते बँकेला माहीत आहे. जया ज्या उन्हाळ्यांत आमच्याबरोबर तलावावर होती तेव्हा ती दोन-अडीच वर्षांची होती. तिला त्यातले काहीही आठवत नाही, पण सगळे आठवत असल्यासारखे ती आपल्या नातवांना सांगते. तिने सांगितलेला साप माझ्या माहितीत नाही. तरी तिला सांगू द्यावे, कोणी मध्ये बोलू नये.

कलम ३. किरकोळ वस्तू व व्यक्ती

पान्यांची पेटी आणि सायकल संजयच्या मुलाला. सायकल चालवायला त्याने आधी मोबाइल खिशात ठेवावा.

माझे मित्र डोमाजी नगराळे, सेवानिवृत्त, माझ्याच खात्यातले, यांना थर्मास द्यायचे मनात होते. परंतु ते साक्षीदार असल्याने त्यांना या मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून त्यांनी तो आजच नेला.

१९९६ साली ज्या साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात 'कामात लक्ष नसते' असे लिहिले, ते अजून हयात आहेत असे कळते. त्यांना माझ्या तेरवीला अगत्याने बोलवावे. पाटावर बसवावे. वाढताना फक्त त्यांच्या भाजीत मीठ विसरावे आणि मागितले तर वाढणाऱ्याचे लक्ष नसावे.

कलम ४. जुने घर

माझे दुसरे एक घर बेलदरा तलावाच्या पोटात आहे. ते कायद्याने माझे नाही. १९६६ साली, मी पाच वर्षांचा असताना, ती जमीन तलावासाठी गेली. माझे वडील धावजी, ज्यांना आम्ही बापू म्हणत होतो, यांनी कागदावर अंगठा दिला आणि मोबदला घेतला. सगळे रीतसर झाले. बापूंची काही तक्रार नव्हती. तक्रार याडीची होती. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तिचे नाव मानीबाई.

नवा तांडा तीन कोसांवर माळावर वसला. तिथल्या घराला याडी शेवटपर्यंत 'तिकडचं' म्हणत असे, त्यात राहत असताना सुद्धा. होळी झाली की ती बापूंना तलावाकडे पिटाळायची, पाणी कुठवर उतरले ते पाहायला. उन्हाळ्यात पाणी उतरे तसा जुना तांडा खालून वर येई. आधी सेवाभायाच्या, म्हणजे आमच्या संताच्या, ओट्याचे दगड उघडे पडत, मग तांड्याच्या नाईकाच्या अंगणातले, आणि मे महिना लागला की आमच्या घराचे जोते. बापू परत येऊन दारातच सांगत, "गुडघाभर हाय." म्हणजे अजून आठ दिवस. "घोट्याभर हाय," म्हटले की याडी गाठोडे बांधायला घेई.

मी आणि माझा धाकटा भाऊ लालसिंग आश्रमशाळेत होतो. एक मेला शाळा सुटली की आम्ही एसटीने फाट्यावर उतरायचो आणि तिकडच्या घरी न जाता सरळ तलावाकडे चालू लागायचो. हल्लीची मुले सुट्टीत चिखलदऱ्याला जातात. आम्ही सुट्टीत आमच्याच घरी जायचो, तेवढाच फरक.

बापू जोत्यावर चार बल्ल्या रोवून, तट्टे बांधून, वर पळसाच्या फांद्या टाकून झोपडी उभी करत. त्याआधी याडी हाताने सगळा गाळ काढायची, शेणाने सारवायची आणि चूल नेमक्या जुन्या चुलीच्या जागी मांडायची. पहिल्या वर्षी गाळाखाली तिला जुन्या चुलीचा काळा डाग सापडला, तेव्हा ती ओळखीचे माणूस भेटल्यागत त्याच्याशी बोलत बसली होती. झोपडी जेमतेम एका खोलीएवढी. बाकीचे जोते उघडे, भिंती मातीच्या असल्यामुळे पहिल्याच वर्षी विरघळून गेलेल्या. परंतु याडीच्या लेखी भिंती होत्या. उंबऱ्याचे दोन चपटे दगड जागेवर होते आणि येणेजाणे तिथूनच करायचे असा तिचा नियम होता.

एकदा भर दुपारी लालसिंग मासे घेऊन मागच्या बाजूने सरळ जोत्यावर चढला. याडीने चुलीपासून मान वर केली.

"भिंतीतून काहून आला? जा, दारातून ये."

लालसिंग खाली उतरला, तापलेल्या गाळातून सगळ्या घराला वळसा घालून पुढे आला आणि दारातून आत शिरला. तेव्हा तो सात वर्षांचा होता. बापू तर त्या नसलेल्या दारातून येताना मान खाली घालत, कारण जुन्या घराची चौकट ठेंगणी होती. तलावाचा चौकीदार बळीराम खात्याचा माणूस, पण तोही उंबऱ्याबाहेर चपला काढून हाक मारायचा आणि याडीने या म्हटल्याशिवाय आत येत नसे. त्याने आम्हाला कधी हटकले नाही. नंतर नंतर आणखी सात-आठ घरे येऊन आपापल्या जोत्यावर झोपड्या टाकू लागली, आणि पाण्याखाली असलेल्या अंगणाच्या हद्दीवरून त्यांची भांडणेही पूर्ववत सुरू झाली.

रोज सकाळी मी आणि लालसिंग पाण्याच्या कडेला एक काडी रोवायचो. दुसऱ्या दिवशी पाणी काडीपासून किती पावले मागे गेले ते मोजायचो. पुढे मी खात्यात मोजणीदार झालो आणि अनेक वर्षे हेच काम केले, फक्त काडीऐवजी आकडे लिहिलेली पट्टी होती.

१९७३ चा उन्हाळा दुष्काळाचा. तलावात तळाशी डबके उरले आणि सगळा जुना तांडा उघडा पडला. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, जनावरे विकली जात होती. आम्ही त्या जोत्यावर दोन महिने अकरा दिवस राहिलो. याडीने अंगणाला कुंपण केले आणि तुळस लावली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सुट्टी. असे म्हणणे चूक आहे हे मला समजते.

या घराबाबत माझा हुकूम एवढाच की, कोणी त्यावर हक्क सांगू नये. कोणाला उन्हाळ्यात तिथे जावेसे वाटले तर जावे. दारातून जावे.

कलम ५. गेट

१९७३ चा पाऊस चांगला झाला. १९७४ चा मे उजाडला तरी तलाव भरलेला होता. बापू पाहून आले. "छातीभर हाय," म्हणाले. याडी तरी निघाली. बापूंनी काठावर झोपडी टाकली. याडीने ती सारवली नाही, कारण ते घर नव्हते. ती पाण्याकडे तोंड करून बसायची आणि आमचे जोते असेल त्या जागेकडे पाहायची. नवव्या दिवशी ती कोणाला उद्देशून नव्हे, नुसतेच म्हणाली, "यंदा घर भेटत नाही." मी ऐकले. लालसिंग पाण्यात होता.

दिनांक २४ मे १९७४, शुक्रवार, दुपारी जेवणे झाल्यावर सगळे झोपले. चौकीदार बळीरामही करंजीच्या झाडाखाली झोपला होता. त्याचा सदरा खुंटीला आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मी किल्ली घेतली, धरणाच्या भिंतीवर गेलो, गेटच्या लोखंडी चाकाची साखळी सोडली आणि चाकाला लोंबकळलो. ते आधी हलेना, मग फिरले. खाली पाण्याचा आवाज आला. माझा अंदाज असा होता की संध्याकाळपर्यंत पाणी दोन हात उतरेल आणि याडी उठेल तेव्हा जोते दिसेल. मोजणीदार झाल्यावर मी ते गणित करून पाहिले. त्या गेटमधून तेवढे पाणी जायला एकोणीस दिवस लागले असते.

चाक परत फिरेना. मी किल्ली जागेवर ठेवली आणि झोपडीकडे आलो. हात ग्रीसने काळे झाले होते. दोरीवर दोन शर्ट वाळत होते, माझा आणि लालसिंगचा. दोन्ही एका ताग्यातले, एकाच शिंप्याने शिवलेले. माझ्या शर्टाचा खिसा फाटला होता. मी ज्या शर्टाला हात पुसले त्याचा खिसा चांगला होता. घाईत पाहिले नाही असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. पाहिले होते.

खाली कोरड्या कालव्यात एका वीटभट्टीवाल्याने कच्च्या विटा थापून ठेवल्या होत्या. कालव्यात विटा थापायला बंदी होती, पण मे महिन्यात पाणी येते कुठून म्हणून कोणी मनावर घेत नसे. सगळ्या विटांचा चिखल झाला. चार माणसे घेऊन तो आमच्या झोपडीपुढे आला. बळीराम हात जोडून उभा होता. बापूंनी आम्हा दोघांना उभे केले, मग दोरीवरचे शर्ट काढले, उलटसुलट करून पाहिले आणि लालसिंगला बल्लीला उरलेल्या दोराने मारायला सुरुवात केली. तो अकरा वर्षांचा होता. मी केले असे तो म्हणाला नाही आणि मी नाही केले असेही म्हणाला नाही. शेवटी याडी मध्ये पडली. मी तिथेच उभा होतो, चार हातांवर. मीही काही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या माणसांनी गेट बंद केला, तोवर तलाव चार बोटे उतरला होता.

पुढची हकीकत थोडक्यात. बापूंनी आणि लालसिंगने उरलेला उन्हाळा त्या भट्टीवाल्याच्या विटा थापून दिल्या. जूनमध्ये लालसिंगला शाळेतून काढले आणि राजूरला मामाकडे पाठवले. मोठा झाल्यावर तो तिथेच कोळशाच्या खाणीत उतरला. बळीरामची दुसऱ्या तलावावर बदली झाली. तलावात झोपड्या टाकायला खात्याने मनाई केली. याडी त्या जोत्यावर पुन्हा कधी गेली नाही. ती १९९१ साली वारली.

१९८२ साली प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरीची संधी आली. दाखला घरटी एकच. मी शिकलेला होतो हे खरे, पण लालसिंगही रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाला होता आणि नोकरीची गरज त्याला जास्त होती, खाणीत त्याला खोकला लागला होता. बापू म्हणाले, "त्याचं नाव कोण्या तोंडानं घेऊ खात्यापुढं? त्यानं त्यांचा गेट उघडला." माझे नाव दिले गेले. नोकरी, पेन्शन आणि कलम एकमधले घर, सगळे त्या दाखल्यावर मिळाले. म्हणून घराचा मागचा अर्धा भाग मी लालसिंग धावजी आडे, राहणार राजूर, यांस देत आहे. संजयने समजून घ्यावे. समजले नाही तरी द्यावे.

याच कलमात माझी एक तक्रारही नोंदवून ठेवतो. याडी जन्मभर सांगत राहिली, "माह्या लाल्यानं माह्यासाठी धरण उघडलं." लग्नात सांगे, बाजारात सांगे, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगे. लालसिंग राजूरहून आला की तिचा चेहरा बदलायचा. शेवटची सहा वर्षे ती माझ्याकडे होती. औषध मी आणायचो, पाय माझी बायको (आता हयात नाही) चेपायची, आणि याडी विचारायची, "लाल्या कधी येते?" मला एक वाक्य बोलायचे होते. याडी, तो मी होतो. पण माराच्या वेळी गप्प बसलो होतो, म्हणून कौतुकाच्या वेळीही गप्प बसावे लागले. याचा मला राग येत असे. चोराने आपलाच माल दुसऱ्याकडे पाहून चडफडावे तसा हा राग होता, त्याला कोर्टात जागा नाही.

हे कलम माझ्या मागे, लालसिंगच्या समोर मोठ्याने वाचावे. मी तिथे नसेन, हीच या कलमाची सोय आहे.

येथवरचा मजकूर काल संपला. सही आज करायची होती.

आज, दिनांक १४ मे २०२५ रोजी, सकाळी दहा वाजता डोमाजी साक्षीसाठी आले. दुसरे साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवले होते, ते मुलीकडे नागपूरला निघून गेले. डोमाजी म्हणाले, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बोलावू. तो विचार चालू असताना दारात लालसिंग उभा. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन सकाळच्या एसटीने आला होता. तांब्याभर पाणी पिऊन त्याने टेबलावरचे कागद पाहिले आणि काय चालले आहे ते विचारले. डोमाजींनी सांगितले.

"इस्त्रीवाला कायले?" लालसिंग म्हणाला. "मी हाओ ना. कुठं करू सही?"

त्याने डोमाजींच्या खिशातला पेन काढला. कागदात काय आहे हे विचारले सुद्धा नाही. शेवटच्या पानावर वाकला. त्याने सही केली असती तर ॲड. ममता यांच्या तिसऱ्या गोष्टीप्रमाणे कलम पाच लंगडे झाले असते, संजयने वाटल्यास ते मोडून काढले असते, आणि मला आयुष्यात काही सांगावे लागले नसते. पेन कागदाला टेकेपर्यंत मी हा विचार केला. तो चांगलाच लांबला. हे मी लिहून ठेवतो, कारण माझ्याबद्दल पुढे कोणी फार चांगले बोलू नये.

मग मी म्हणालो, "तुले सही करता येत नाही."

"काहून? येते मले सही."

"याच्यात तुले काही भेटून राह्यलं. ज्याले भेटते त्यानं सही करू नाही."

"काय भेटून राह्यलं?"

"मागचं अर्धं घर."

"कायले?"

मी कलम पाचची पाने त्याच्यापुढे सरकवली. डोमाजी स्कूटर पाहून येतो म्हणून बाहेर गेले. त्यांच्याकडे स्कूटर नाही. लालसिंगने माझा चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. तो हळू वाचतो. मी उठून चहा ठेवला, तो उतू गेला, पुसला, परत ठेवला. हृदयाच्या फोटोतली ती जागा नेमकी कुठे आहे ते त्या वेळी कळले. आम्ही एरवी गोरबोलीत बोलतो, परंतु आज तो सगळे मराठीतच बोलला. राजूरला पन्नास वर्षे काढल्यावर कामाचे बोलणे त्याला मराठीतच सुचत असावे.

त्याने चष्मा काढला.

"शर्टाचं मले मालूम होतं, भिया."

भिया म्हणजे मोठा भाऊ. मी विचारले, कधीपासून.

"तवापासूनच. मी झोपलो नव्हतो. तू हात पुसून राह्यलता तवा तट्ट्यातून पाहून राह्यलतो."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोलणारच होतो. बापूचे चार पडले, म्हटलं आता सांगतो. तेवढ्यात याडी मधात पडली. मले पोटाशी धरलं अन् म्हणे, लेकरानं माह्यासाठी केलं. तिनं मले तसं कधी धरलं नव्हतं. तू मोठा, तू हुशार, तुहाच नंबर येये. मी बोललो असतो तं याडी तुही झाली असती."

चहा दुसऱ्यांदा उतू गेला. मी गॅस बंद केला.

मी त्याला म्हणालो, शाळा गेली तुझी, खाणीत गेलास, खोकला लागला, नोकरी मला मिळाली. ते काय?

"त्याचा राग हाय मले. पह्यलेबी होता, आताबी हाय. तुह्या घरी जेवतो तवाबी राह्यते. तो राहू दे माह्याजवळ. पण घर देऊ नको."

"अरे, ते तुह्यंच हाय."

"मले राजूरले घर हाय. अन् हे घर घेतलं तं सगळे इचारतीन, काहून देल्लं. मंग हे वाचतीन." त्याने पानांवर हात ठेवला. "जया वाचीन, संजय वाचीन, माह्ये पोरं वाचतीन. म्हणतीन, लाल्यानं तं काहीच केलं नव्हतं. पन्नास वर्स झाले भिया, गेट मी उघडला. माह्या नातीच्या सासरकडच्याईलेबी मालूम हाय. आता या वयात मी दुसरं काय उघडू?"

मी त्याला खरे सांगण्याचे महत्त्व समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुले सांगाचं होतं, तुनं सांगतलं. मी ऐकलं. आता कोणाले सांगाचं हाय?"

मी रडलो. चौसष्टाव्या वर्षी, सकाळी अकरा वाजता, कोणताही कागद समोर नसल्यासारखा. लालसिंगने मला हात लावला नाही, पाणी दिले नाही, उठूनही गेला नाही. समोर बसून राहिला.

कलम ६. फेरफार व शेवटचा हुकूम

वरील प्रसंग घडल्यामुळे मी पुढीलप्रमाणे बदल करत आहे.

घराचा मागचा अर्धा भाग लालसिंगला देण्याचा कलम पाचमधला मजकूर मी रद्द करतो. तो भागही संजयला. संजय आणि त्याची बायको यांना इतका आनंद व्हायचे कारण नाही. लालसिंग किंवा त्याच्या घरचे कोणी यवतमाळला आले तर मागच्या खोलीतच उतरतील, आणि किती दिवस ते त्यांनी ठरवायचे.

कलम चारच्या पुढची सर्व पाने, हे पान धरून, वेगळ्या पाकिटात सीलबंद करावी. आम्हा दोघा भावांपैकी जो मागे राहील त्याच्यानंतर ती उघडावी, आधी नाही. पाने फाडून टाक असे लालसिंगचे म्हणणे होते. तेवढे माझ्याने झाले नाही आणि त्याने ते चालवून घेतले. अर्धे मृत्युपत्र आज वाचायचे आणि अर्धे नंतर, हे कायद्यात बसत नाही असे ॲड. ममता यांनी फोनवर सांगितले. बसवायचे काम त्यांचे आहे.

तोवर मागचा भाग संजयचा आणि पुढील हकीकत, एवढेच ॲड. ममता यांनी वेगळ्या कागदावर उतरवून घरच्यांना द्यावे. घरात, नात्यात, लग्नकार्यात, कुठेही विषय निघाला तर ती हकीकत सांगावी आणि हीच माझी हकीकत समजावी.

दिनांक २४ मे १९७४ रोजी बेलदरा तलावाचा गेट माझा धाकटा भाऊ लालसिंग याने उघडला. आपल्या आईला तिचे घर दिसावे म्हणून उघडला. ती त्याच्यावर जन्मभर खूश होती. सदर कृत्यावर आणि त्यापासून मिळालेल्या आईच्या मायेवर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क, दावा अथवा हितसंबंध नाही आणि पुढेही राहणार नाही. ही देणगी समजून कोणी लालसिंगच्या साक्षीला हरकत घेऊ नये. ते सर्व पहिल्यापासून त्याच्याच ताब्यात आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, शुद्धीवर असताना कायम केला आहे. कलम पाचमधील खाडाखोडीशेजारी सही केली आहे. मी सही करताना दोन्ही साक्षीदार समोर हजर होते, आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : लोहारा, यवतमाळ
दिनांक : १४ मे २०२५

मृत्युपत्र करणार :
(सही) नेमसिंग धावजी आडे

साक्षीदार :

१. (सही) डोमाजी नगराळे, राहणार यवतमाळ. मृत्युपत्र करणाऱ्याचे मित्र. मजकूर वाचला नाही, वाचायचा नाही असे सांगितले.

२. (सही) लालसिंग धावजी आडे, राहणार राजूर, तालुका वणी. मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. मजकूर वाचला. या मृत्युपत्राने आपल्याला काहीही मिळत नाही, याची दोनदा खात्री करून घेतली आणि मगच सही केली.